पलीकडचा कॅमेरा

मी कुस्त्यांची परीक्षणं लिहिते. रोषणाई, धूर, चकचकीत चड्ड्या आणि आधीच ठरलेला निकाल असलेल्या कुस्त्यांची. ‘पण हे सगळं खोटं असतं ना?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर देणं मी कधीच सोडून दिलंय. नाटकातला राजा खोटा निघाला म्हणून कुणी तिकीट परत करत नाही. एका संकेतस्थळासाठी मी जुने कार्यक्रम पुन्हा बघते, प्रत्येक कुस्तीला पाचपैकी तारे देते आणि वाचकांच्या शिव्या खाते. वाचकांनी मला ‘कात्री’ असं नाव ठेवलंय. मला ते आवडतं. गोड बोलायला बाकीचे आहेतच.

एकाच कार्यक्रमाच्या वाटेला मी गेले नव्हते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी झालेला ‘अखेरची घंटा’. पे-पर-व्ह्यू, म्हणजे घरबसल्या बघायलाही तिकीट काढावं लागे असा खास कार्यक्रम. वाचक वर्षानुवर्षं मागे लागले होते आणि मी टाळत होते, कारण त्यातल्या चौथ्या कुस्तीत हरलेला माणूस माझा मामा होता आणि पंच माझे बाबा होते.

मामा हरायचाच. तोच त्याचा धंदा होता. एखादा नवा राक्षस, म्हणजे धिप्पाड खलनायक पैलवान, मोठा करायचा असला की कुस्त्या भरवणारी कंपनी त्याच्यासमोर मामाला उभं करायची, आणि मामा असा काही उडायचा, असा काही आपटायचा, की समोर निव्वळ ठोंब्या असला तरी लोक त्याला घाबरायला लागायचे. बाबा मामाला ‘पोतं’ म्हणायचे. मग सगळेच म्हणायला लागले. मामाला त्याचा अभिमानच होता.

पंच नुसता एक-दोन-तीन मोजतो असं लोकांना वाटतं. खरं तर तो दोघांमधला निरोप्या असतो. कुणी जोरात पडला की पंच वाकतो, विचारपूस केल्यासारखं करतो आणि हळूच त्याचा हात दाबतो. पडलेल्याने उलट हात दाबला तर तो ठीक आहे, खेळ चालू. नाही दाबला तर पंचाने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करायची. म्हणजे दुखापत खरी आहे, बंद करा.

त्या संध्याकाळी मामा मानेवर पडला. बाबा वाकले, त्यांनी हात दाबला, आणि उठून त्या दिवशीच्या राक्षसाला मान डोलावून खूण केली. राक्षसाने ठरल्याप्रमाणे मामाला पुन्हा उचललं आणि पुन्हा आपटलं. डॉक्टर नंतर म्हणाले, पहिल्या वेळी मान दुखावली होती, दुसऱ्या वेळी मोडली. तेव्हापासून मामाचं मानेखालचं सगळं गेलं. कंपनीने खापर बाबांच्या डोक्यावर फोडलं आणि त्यांना घरी बसवलं. बाबा एकच सांगत राहिले, त्याने हात दाबला होता. आणि शुद्धीवर आल्यावर मामानेही तेच सांगितलं. दाबला होता मी, माझीच मस्ती.

आईने त्या शब्दावर पुढचा संसार केला. भाऊ घरी आणला आणि नवऱ्याला एका शब्दाने दुखावलं नाही. ती गेल्यापासून मामाचं सगळं बाबाच करतात. कूस बदलणं, पुसणं, भरवणं. आणि रोज सकाळी दाढी करताना तोच पाढा.

“मान वर कर. अजून. हात दाबला नसतास तर आज आपल्या हाताने दाढी केली असतीस, पोत्या.”

“चुकलो, भावजी.”

“चुकलो म्हणे. बहिणीचा तरी विचार करायचास. माझं नाव गेलं, काम गेलं, कशापायी? तर ह्याला कुस्ती पुरी करायची होती.”

“मोह आवरला नाही हो.”

“गाल फुगव.”

मामा गाल फुगवायचा. हे ऐकतच मी मोठी झाले. बाबांच्या त्या बडबडीत माया आहे हे मला कळायचं, आणि मामाला बोलणी खायची सवय झालीय असं मी धरून चालले होते. तरी काही सकाळी मला ते ऐकवायचं नाही. मी नळ मोठा सोडून भांडी घासत बसायचे.

परवा संपादकाचा फोन आला. कंपनी ‘अखेरची घंटा’ नव्याने काढणार होती, चित्र साफसूफ करून, आणि सोबत तेव्हा न दाखवलेलं चित्रण घालून. त्या वेळी लोकांना दिसलं ते समोरच्या मोठ्या कॅमेऱ्यातून. त्यात बाबांची पाठ दिसते, हात दिसत नाही. पण रिंगच्या पलीकडे खांद्यावर कॅमेरा घेतलेला आणखी एक माणूस होता, आणि त्याचं चित्रणही आता बाहेर येणार होतं.

“घरचंच माणूस लिहितंय म्हटल्यावर लोक तुटून पडतील,” संपादक म्हणाला. मी त्याला चार शब्द सुनावणारच होते, पण फोन स्पीकरवर होता आणि बाबा ताट पुसता पुसता थांबले होते.

“पलीकडचा?” त्यांनी विचारलं. “मग हात दिसेल.”

त्यांचा असा आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी त्याच दिवशी दोन जुन्या पंचांना फोन लावले. त्या घटनेनंतर रस्त्यात दिसले तरी तोंड फिरवणारी माणसं ती. “आता बघा डोळे फाडून,” बाबा त्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझे ते तारेबिरे राहू देत. त्याने हात दाबला, एवढं ठळक लिही. बाकी काही मागत नाही मी तुझ्याकडे.”

आमच्यासारख्यांना प्रत आधी मिळते. ती आली तेव्हा मी दार लावून एकटी बघायला बसले. पहिल्या तीन कुस्त्यांत नावं ठेवायला जागाच जागा होती. फटाके पैलवान येऊन गेल्यावर उडतात, समालोचक नुसता गळा काढतो, आणि जोडीच्या कुस्तीत चौघांपैकी एकालाही आपली पाळी कधी ते ठाऊक नसतं. दीड तारा, दोन तारे, अर्धा तारा, तोही दया येऊन. मग मामा आला. प्रेक्षकांनी पाणी प्यायला उठायची ही कुस्ती, कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. मी बघत होते. तो जखमी झाला तेव्हा मी इतकी लहान होते, की मामा उभा असलेला मला आठवतच नाही. काय हलका चालायचा! मला भडभडून आलं आणि स्वतःचाच रागही आला, कारण मी काम करत होते.

मग तो पडला आणि चित्र पलीकडच्या कॅमेऱ्यावर गेलं. बाबा गुडघ्यावर वाकले. त्यांनी मामाचा हात धरला आणि दाबला. बाबांची बोटं इतकी आवळलेली होती की नखं पांढरी पडली होती. मामाची बोटं उघडी होती. मी चित्र मागे नेऊन पुन्हा बघितलं, सावकाश करून बघितलं. एक बोट हललं नाही. मामाचे डोळे अर्धवट उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. बाबा स्वतः घाबरले होते, स्वतःच मूठ आवळून बसले होते, आणि तीच पकड त्यांना मामाची वाटली होती.

बाबा औषधं आणायला बाहेर पडल्यावर मी मामाच्या खोलीत गेले.

“मामा, तू हात दाबला नव्हतास.”

“दिसतंय?” त्याने छताकडे बघत विचारलं.

“स्वच्छ.”

“त्या काळी एक चित्र धड यायचं नाही. आणि नेमकं हेच बरं स्वच्छ आलं.”

माझा तोल गेला. “रोज बोलणी खातोस! रोज सकाळी! जे केलंच नाहीस त्याची माफी मागतोस!”

“हळू बोल. मला त्यातलं काय आठवतंय? मी शुद्धीवर आलो तर भावजी पायाशी बसलेले. भोवती कंपनीची माणसं, दारात ताई. सगळे त्यांच्याकडे काय नजरेने बघत होते! आणि ते आपले एकच म्हणतायत, दाबला हो त्याने, मला कळलं ना. मला वाटलं, हा माणूस आता कुठेतरी जाऊन जीव देणार. म्हटलं, दाबला होता मी. माझं काय जात होतं? जायचं ते गेलंच होतं.”

“आणि ते तुलाच दोष देतात.”

“देऊ देत की. दोष द्यायला कुणीतरी आहे म्हणून उभे आहेत ते.” त्याने मान माझ्याकडे वळवली, जेवढी वळते तेवढी. “हरायचं म्हणजे काय गं? समोरच्याला उभं ठेवायचं. मला दुसरं काही येतच नाही. त्यांना दाखवू नकोस.”

“मी नाही दाखवलं तरी जग बघणार आहे. ज्यांना त्यांनी फोन केलेत ते बघणार आहेत.”

“जग गेलं खड्ड्यात. फोन आले तर तू घे. आणि तू लिही, हात नीट दिसत नाही म्हणून.”

मी आजवर अर्ध्या ताऱ्याचंही खोटं लिहिलेलं नाही. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हणवलं नाही.

तेवढ्यात बाबा आले. टेबलावर लॅपटॉप उघडाच होता आणि त्यावर कार्यक्रमाचं नाव झळकत होतं. आता प्रत आली नाही म्हणायची सोय नव्हती. “मोठ्या टीव्हीवर लाव,” ते म्हणाले. “त्याच्या खोलीतल्या. तिघं मिळून बघू.” मी म्हटलं, आधी जेवून घेऊ. जेवण झालं. मी म्हटलं, लॅपटॉप टीव्हीला जोडायची तार सापडत नाहीये. बाबांनी ती शोधून दिली. इस्त्रीचा शर्ट घालून ते मामाच्या पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

खिडकीतून ऊन थेट पलंगावर येत होतं. पहिल्या कुस्त्यांत बाबा बाकीच्या पंचांची टिंगल करत होते, हा पंच मेला झोपलाय, त्याला मोजता येत नाही. मामा त्यांच्या प्रत्येक वाक्याला हसत होता, जरा जास्तच. मग मामा पडद्यावर आला आणि बाबा म्हणाले, “बघ, काय ऐटीत चालायचा गाढव.” राक्षसाने मामाचा गळा धरला, सोडला, त्याला उचललं, आपटलं.

“आता,” बाबा पुढे सरकले. “आता बघा हां. आता हात.”

आणि मामाला ठसका लागला.

त्याची मान मागे गेली, डोळे पांढरे झाले आणि घशातून घरघर सुरू झाली. मामाला साधा ठसकाही जिवावर बेतू शकतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी धावत उठले आणि अर्ध्या वाटेत थांबले. राक्षसाने गळा धरला तेव्हा मामाने अगदी असेच डोळे फिरवले होते, मी ते आत्ताच बघितलं होतं. मामा कुस्ती खेळत होता. आयुष्यात मी कुणाला पाच तारे दिलेले नाहीत. त्याला तिथल्या तिथे दिले असते.

बाबांना काही कळलं नाही. त्यांनी टीव्हीकडे पाठ फिरवली, मामाचं डोकं उचललं, त्याला कुशीवर घेतलं, पाठ थोपटली. दुसऱ्या हाताने त्यांनी मामाचा हात घट्ट धरला.

“पोत्या! ए पोत्या! ठीक आहेस ना? हात दाब. दाब हात!”

मामाची घरघर थांबली. डोळे मिटून तो पडून राहिला. पडद्यावरची ती वेळ टळेपर्यंत त्याला तसंच पडून राहायचं होतं. बाबांनी मोठा श्वास सोडला आणि माझ्याकडे बघितलं.

“काही नाही, घाबरू नकोस,” ते म्हणाले. “ठीक आहे तो. दाबला त्याने.”

मी त्यांच्या मुठीतल्या हाताकडे बघत होते. मामाने डोळे उघडले. बाबांच्या चेहऱ्यावर अजून सुटल्याचा भाव होता, मग तो हळूहळू उतरत गेला. त्यांनी खाली पाहिलं. उन्हात, चादरीवर, त्यांच्या मुठीत मामाचा हात होता. इतक्या वर्षांत ज्याचं एक बोट हललं नव्हतं, तो हात. त्यांनी मूठ सैल केली. मामाची बोटं होती तशीच उघडी राहिली. त्यांनी तो हात पुन्हा दाबला, या वेळी त्याच्याकडे बघत.

“भावजी,” मामा घाईघाईने म्हणाला, “तेव्हा दाबला होता मी. देवाशप्पथ दाबला होता.”

बाबांनी टीव्हीकडे वळूनही पाहिलं नाही.

“दाबला होता ना मी. भावजी, बोला की मला. काहीतरी बोला.”

बाबा मामाचा हात मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यांच्या पाठीमागे टीव्हीवर राक्षसाने मामाला दुसऱ्यांदा उचललं, आणि मी बंद करायला पोचेपर्यंत लोक जागेवरून उठून ओरडायला लागले होते.