कोरडी बरणी

बरणीवरची चिठ्ठी एका कोपऱ्यातून सुटली होती… ‘पाणी नाही’, मुलांच्याच गिचमिड अक्षरात… आणि काचेच्या आत बोटभर उंचीचे हिरवेगार कोंब. पाण्याशिवाय उगवलेले वाटाणे! जगाच्या पाठीवर कुठे झाला नसेल असा चमत्कार सातवीच्या वर्गात झाला होता आणि शाळा बघायला आलेल्या पाहुण्यांनी त्याला टाळ्या वाजवल्या होत्या. आता पाहुणे गेले होते, प्रयोगशाळा रिकामी होती, आणि विज्ञान शिकवणाऱ्या तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

सोमवारी मुलांनीच चार बरण्या मांडल्या होत्या — एक नेमक्या पाण्याची, एक कोरडी, एक कपाटातल्या अंधारात, एक काठोकाठ पाण्याने भरलेली. कोरडीची राखण तिने मुद्दाम त्या मुलीकडे दिली, जिला वर्ग मौनीबाबा म्हणायचा, जी वर्षभरात हजेरीपलीकडे बोलली नव्हती. थेंबसुद्धा पडू द्यायचा नाही, एवढंच काम. पण पोरगी डोळ्यांत तेल घालून बसली, मधल्या सुट्टीतसुद्धा. आणि बुधवारी भरलेल्या बरणीला घाण वास सुटला, सगळ्यांनी नाकं दाबली, तेव्हा हीच मौनीबाबा हळूच म्हणाली — बाई, बी श्वास घेतं का? बुडून मेलं का ते?

काय दिवस होता तो! तिने उत्तर दिलं नव्हतं. शुक्रवारी चारही बरण्या शेजारी ठेवू, तूच सांग, असा शब्द दिला होता. आणि शुक्रवारी पाहुण्यांबरोबर आत येऊन बघते तो काय — चारही हिरव्या!

हे करणारी ताई. भाषा शिकवणारी, तिच्याहून मोठी, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तिला सांभाळून घेणारी. पाहुण्यांची पाठ वळताच ताई कौतुकाने कानाशी लागली, “अगं, दोन बरण्यांत तर काही उगवलंच नव्हतं. चारचौघांत तुझी शोभा झाली असती. घरून कोंब आणून सगळ्या भरल्या बघ.” जन्मभर भाषा शिकवली, आणि दोन शब्दांची चिठ्ठी वाचता आली नाही! दुष्टपणाने केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मायेने केलेल्याला काय म्हणायचं… पण राग मायेला जुमानत नव्हता. तिला ताईचा राग आला, टाळ्यांचा आला, वाळायला टाकल्यासारख्या ओळीत बसवलेल्या मुलांचाही आला — एकानेही तोंड उघडलं नाही म्हणून.

एकानेही? छे. मौनीबाबा उठली होती. पाहुण्यांसमोर, सगळ्यांसमोर, कापऱ्या आवाजात म्हणाली होती, “बाई, ह्याच्यात तर पाणीच नव्हतं.” आणि तेव्हा… तेव्हा ताई दारात होती. बोलली ती ताई नव्हे.

“खाली बस,” असं कोण म्हणालं होतं?

पाहुण्यांकडे बघून हसलेही होते मी, हे तिला आत्ता आठवलं.

दार किलकिलं झालं. तीच मुलगी, दप्तर पाठीवर, डोळे रडून कोरडे केलेले. ती रागावलेली असती तर बरं झालं असतं. तिने आदळआपट केली असती तर हायसं वाटलं असतं. पण मुलगी समजूतदारपणे उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, माझंच लक्ष नसेल. माझ्याच हातून पाणी सांडलं असेल.”

तुझं काही चुकलं नाही — वाक्य सोपं होतं, ओठांवरही आलं. पण ही पोरगी पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नव्हती. विचारायला आपणच तर शिकवलं होतं. मग चुकलं कोणाचं, बाई? आतापर्यंतचा राग किती सोयीचा होता, तो दुसऱ्यांवर होता. आता तो वळून आत येत होता आणि त्याला बसायला एकच जागा होती. मुलगी वाट बघत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला एका बारा वर्षांच्या पोरीची भीती वाटली.