मार्लिसच्या नव्या गाडीचा फिल्टर

"संस्कृती म्हणजे गाळणं. माणसाने आधी पाणी गाळलं, मग दारू गाळली, मग विचार गाळायला लागला. पण ज्या दिवशी त्याने इंजिनाचं तेल गाळलं, त्या दिवशी तो खऱ्या अर्थाने माणूस झाला."

हे उद्गार लाईल ओव्हरगार्डचे. ते काढले तेव्हा तो मोटारीखाली उताणा पडला होता, बाहेर फक्त पाय दिसत होते, आणि उजव्या मोज्यातून अंगठा जगाकडे बघत होता. 'माणूस झाला' म्हणताना त्याच्या तोंडात वरून तेलाचा थेंब पडला. तो त्याने थुंकला नाही. चाखला.

"कारखान्यातलं," तो म्हणाला. "पातळ आहे."

मिनेसोटातल्या आमच्या गावात लाईलच्या मते दोनच जातीची माणसं राहतात: आपल्या गाडीचं तेल घरी बदलणारी, आणि उरलेली. उरलेल्यांबद्दल तो वाईट बोलत नाही. आमच्याकडे कुणीच कुणाबद्दल वाईट बोलत नाही. 'वेगळं आहे,' एवढंच म्हणतात. शेजाऱ्याने घराला जांभळा रंग दिला, वेगळं आहे. नव्या पाद्रीबाईंनी चर्चमध्ये ढोल आणला, वेगळं आहे. ज्याच्या वाट्याला हे दोन शब्द येतात तो पुढे बरेच दिवस पडदे लावून घरात बसतो. मी माझी गाडी हायवेवरच्या 'दहा मिनिटांत तेल' या दुकानात नेतो हे लाईलला कळलं, तेव्हा त्याने मला आजारी माणसाकडे बघावं तसं न्याहाळलं आणि म्हणाला, "वेगळं आहे, वर्न."

निवृत्त होण्याआधी लाईल शाळांना लोखंडी कपाटं विकायचा. इंजिनाशी त्याचा पूर्वसंबंध एवढाच, की तेही लोखंडाचं असतं.

नवी गाडी त्याची नव्हतीच. ती मार्लिसची, त्याच्या बायकोची. लग्न झाल्यापासून ती लाईलने वापरून, ठोकून, 'अजून चालेल' असं जाहीर केलेल्या गाड्या चालवत आली होती. ही तिची पहिली कोरी गाडी, निळी, आणि तिला ती कुठे न्यायची हेही ठरलेलं. उत्तरेला तळ्याकाठी तिचं आणि तिच्या बहिणीचं, आर्डिसचं, वडिलांच्या हातचं लाकडी केबिन होतं. ते विकलं गेलं होतं. शनिवारी दुपारी नवे मालक किल्ल्या घ्यायला येणार होते. त्याआधी सकाळी दोघी बहिणींनी धक्क्यावर बसून, पाण्यात पाय सोडून शेवटची कॉफी प्यायची, एवढाच बेत. आणि मार्लिसने तिथवर स्वतः, आपल्या गाडीने, लाईलशिवाय जायचं.

"जा की," लाईल म्हणाला होता. "पण कारखान्यातल्या तेलावर एवढा लांबचा प्रवास? त्यात लोखंडाचा कीस असतो, मार्लिस. नवं इंजिन म्हणजे दात येणारं बाळ."

"बाळाला मी तळ्यावर नेते."

"आधी तेल बदलतो. तासाभराचं काम."

त्याने गाडी गॅरेजात लोखंडी रॅम्पवर चढवली, तेल काढलं, जुना फिल्टर पान्याने पिळून उतरवला आणि तिथे थांबला. कारण नवा कुठला बसवायचा हे ठरायचं होतं.

ज्यांनी हा प्रश्न कधी स्वतःला विचारला नसेल त्या भाग्यवंतांसाठी सांगतो: तेलाचा फिल्टर म्हणजे एक पत्र्याचा डबा. आत घड्या घातलेला कागद असतो. तेल आत जातं, घाण कागदावर राहते, तेल बाहेर येतं. याहून जास्त त्यात काही नाही. पण इंटरनेटवर असे हजारो पुरुष आहेत, ज्यांच्या बायका त्यांच्याशी बोलत नाहीत, आणि ते रात्रंदिवस या डब्याबद्दल एकमेकांना शिव्या देतात. लाईल त्यांच्यात रमला. ॲरिझोनातला एक गृहस्थ तिथे स्वतःला 'गाळसम्राट' म्हणवून घ्यायचा. तो लाईलचा गुरू झाला.

गुरूची आज्ञा अशी, की डब्यावर काय लिहिलंय त्यावर विश्वास ठेवायचा नाही. कापून बघायचं. लाईलने दुकानात मिळतील तितक्या जातींचे फिल्टर आणले आणि एकेक करवतीने कापत सुटला. गॅरेजातली जागा संपली तेव्हा तो स्वयंपाकघरात आला. मी एकदा दुपारी डोकावलो, तर भांडी निथळायच्या जाळीवर कागदाच्या घड्या पसरून ठेवलेल्या, आणि लाईल रबराची एक चकती ओठांना लावून फुंकत बसलेला.

"हे काय?" मी विचारलं.

"परतीची झडप. गाडी बंद असताना तेल खाली ओघळू नये म्हणून. हवा सुटते का बघतोय."

"सुटते?"

"या जातीत सुटते. काळं रबर. नारिंगी रबर चांगलं, पण त्या नारिंगीवाल्याचा कागद भिकार." त्याने चकती टेबलावर मार्लिसच्या केकशेजारी ठेवली. "समजून घे, वर्न. जो फिल्टर सगळी घाण अडवतो तो तेलालाही अडवतो. जो तेलाला सोडतो तो घाणीलाही सोडतो. ही शोकांतिका आहे."

"आमच्या दुकानात ते जो हाताला येईल तो घालतात."

"तेच म्हणतोय मी," लाईल म्हणाला.

मार्लिस ओट्याशी पाठ करून उभी होती. फोन तिने खांदा आणि कान यांच्यात धरला होता, आणि पलीकडून आर्डिसचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता, कारण आर्डिसला फोनची गरज आहे असं मला कधीच वाटलेलं नाही.

"अगं, निघणार आहेस ना शनिवारी? की तुझा इंजिनियर अजून डबे कापतोय?"

"येते म्हटलं ना."

"बसने ये हवी तर. बसचं तेल कुणीतरी बदललेलं असतं."

"माझ्या गाडीने येणार आहे, आर्डिस."

"बरं बाई. मी दुपारी किल्ल्या देऊन टाकणार, तू असलीस तर आणि नसलीस तर. वडील गेले त्या वेळीही तू हमरस्त्यावर पंक्चर काढत बसली होतीस. तेव्हाही याचीच गाडी होती ना?"

मार्लिसने फोन ठेवला. जाळीवरच्या कागदांकडे पाहिलं. मग म्हणाली, "वेगळं आहे, लाईल."

मी एवढ्या वर्षांत तिला हे नवऱ्याला म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. मी टोपी उचलली आणि निघालो.

पण लाईल माणूसच असा, की त्याला टोमणा लागायलाही अभ्यास लागतो. पुढचे दिवस त्याने कंपनीच्या फिल्टरचा विचार केला आणि तो फेटाळला, कारण कंपनीला गाडी हमी संपेपर्यंतच जगवायची असते. महागड्यांचा विचार केला आणि ते फेटाळले, कारण महाग असणं संशयास्पद आहे. स्वस्तांना तो हसला. गाळसम्राटाने एका जर्मन फिल्टरची शिफारस केली. मग गाळसम्राटाचं ओहायोतल्या कुणाशी तरी भांडण झालं आणि त्याने ती मागे घेतली. गाडी रॅम्पवर नाक वर करून उभी होती, पोटात थेंबभर तेल नव्हतं. मार्लिस रोज सकाळी गॅरेजात जाऊन तिच्या काचेवरची धूळ पुसायची.

शुक्रवारी दुपारी लाईल माझ्या दारात आला. चेहरा उजळलेला.

"ठरलं," तो म्हणाला. "गाडी काढ."

"माझी? तिच्यात दहा मिनिटांचं तेल आहे."

"नाइलाज आहे."

आम्ही गाडी विकणाऱ्या कंपनीच्याच दुकानी गेलो. वाटेत तो माझ्या इंजिनाचा आवाज ऐकून डोळे मिटून घेत होता, नातेवाइकाच्या खोकल्याकडे दुर्लक्ष करावं तसं. काउंटरवर त्याने नंबर सांगितला. माणसाने डबा पुढे सरकवला. परत येताना मी तो हातात घेऊन पाहिला.

घरी मार्लिसनेही पाहिला.

"हा तर जो होता तोच," ती म्हणाली.

"तोच."

"मग तो काढलास कशाला?"

"तो होता तेव्हा अभ्यासाशिवाय होता," लाईल म्हणाला. "आता तोच आहे, पण निवडलेला."

मार्लिसने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आमच्या गावात नवरा-बायकोच्या मध्ये छत हाच सभ्य पर्याय असतो.

शनिवारी सकाळी सगळी गल्ली लाईलच्या गॅरेजासमोरून सहज जात होती. काहीजण दोनदा सहज गेले. लाईल गाडीखाली सरकला. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला त्याने बोटाने तेल लावलं, पाद्रीबाई बाळाच्या कपाळाला पाणी लावतात तितक्या गांभीर्याने, आणि फिल्टर हाताने फिरवून घट्ट केला. मग बाहेर आला, नवं तेल ओतलं, गाडी रॅम्पवरून उतरवली. मार्लिस स्टिअरिंगमागे बसली. शेजारच्या सीटवर बटाट्याच्या गोळ्यांचं हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाचं भांडं, ठेवून तिने त्याला पट्टा लावला.

"मी येतो," लाईल म्हणाला. "पहिल्या प्रवासात लक्ष ठेवायला हवं."

"जागा भरली आहे," मार्लिस म्हणाली.

तिने किल्ली फिरवली. लाईलने स्टेथोस्कोप आणला होता, खरोखरीचा, डॉक्टरांचा. तो इंजिनाच्या डोक्याला लावून, डोळे मिटून तो ऐकत राहिला. गाडीखाली कुणी वाकून पाहिलं नाही. खाली बघण्यासारखं काय असणार, निवडलेला फिल्टर होता.

"ऐक," तो मला म्हणाला. "शांतता ऐक."

मार्लिसने हात हलवला आणि निघाली. गल्लीतल्या लोकांनीही हात हलवले. निळी गाडी कोपऱ्यावरून वळली, आणि ती वळल्यावर आम्हाला रस्त्यावर तिच्यामागे उमटलेली रेघ दिसली. सुरुवातीला बारीक, मग जाड, मग सोनेरी आणि रुंद.

आम्ही रेघेमागून चालत गेलो. धावलो नाही, धावलं असतं तर काहीतरी बिघडलंय हे लाईलला कबूल करावं लागलं असतं. चर्चच्या आवारात गाडी उभी होती, इंजिन बंद. मार्लिस फोनवर होती.

"तेलाचा लाल दिवा लागला," ती म्हणाली. "लगेच बंद केली."

"दिवे खोटं बोलतात," लाईल म्हणाला आणि कोटासकट गाडीखाली गेला. खालून फिल्टर पिळून उतरवल्याचा आवाज आला. मग एक काळा हात बाहेर आला. हातात एकावर एक चिकटलेली दोन रबरी कडी होती.

जुना फिल्टर पिळून काढला, तेव्हा त्याचं कडं इंजिनालाच चिकटून राहिलं होतं. लाईलने त्या फिल्टरचा कागद उलगडला होता, घड्या मोजल्या होत्या, रबरं फुंकली होती, झडप भिंगाखाली धरली होती. डब्याला कडं नाही, एवढंच पाहायचं राहिलं होतं. नवा फिल्टर त्याने जुन्या कड्यावरच बसवला, आणि दोन कड्यांच्या मधून सगळं तेल गावाला वाटून टाकलं.

"दोन आहेत," लाईल गाडीखालून म्हणाला.

"कळलं," मार्लिस म्हणाली. "ओढून नेणारा ट्रक येतोय."

"घरी?"

"हायवेवर. दहा मिनिटांवाल्यांकडे."

गाडीखाली शांतता पसरली. ही मलाही ऐकू आली. मग तो हळूहळू बाहेर सरकला, उठून बसला. "मार्लिस, ते लोक कुठला फिल्टर घालणार हे तरी विचारलंस?"

"विचारलं."

"कुठला?"

"गोल," मार्लिस म्हणाली.

ट्रक आला. मार्लिस ड्रायव्हरशेजारी चढली आणि हॉटडिश मांडीवर घेतलं. निळी गाडी मागे, उलट्या तोंडाने, लोंबत गेली. लाईलने तिला हात केला नाही, कारण दोन्ही हात काळे होते.

तिला वेळेवर पोचता आलं ते दहा मिनिटांवाल्यांमुळे, हे सांगताना मला आनंद होत नाही असं नाही. दुपारच्या आधी माझ्या फोनवर तिने एक फोटो पाठवला: तळं, धक्क्याच्या फळ्या, पाण्यात बुडालेले चार म्हातारे पाय. खाली आर्डिसने लिहिलं होतं, 'गाडी छान आहे. कुणी काही केलं नाही तर टिकेल.' फोटो लाईलला का पाठवला नाही हे मी विचारलं नाही. मी तो त्याला दाखवला मात्र. त्याने पायांकडे पाहिलं आणि नंतर, फोटोत नसलेल्या गाडीकडे बघत असल्यासारखा, म्हणाला, "गोल म्हणजे काळ्या रबराचा असणार."

तेव्हा आम्ही त्याच्या दाराशी उभे होतो. तेलाची रेघ त्याच्या गॅरेजातून निघून, सगळ्यांच्या दारांवरून, थेट परमेश्वराच्या आवारापर्यंत गेली होती. लोक आपापल्या अंगणात उभे राहून तिच्याकडे बघत होते. कुणी काही वाईट बोललं नाही. समोरच्या बाई मोठ्याने, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "वेगळं आहे, लाईल."

त्याने ते ऐकलं. फावडं उचललं, परत ठेवलं. मग माझ्याजवळ आला, आणि गल्लीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला,

"वर्न, तुझ्या मांजराच्या पेटीत घालतोस ती वाळू तेल शोषते ना? एक पिशवी देतोस का? वापरलेली असली तरी चालेल."