दोरीच्या दुसऱ्या टोकाला

दादाला दिसत नव्हतं, त्यामुळे धावताना त्याच्या शेजारी कुणीतरी लागायचं. गेली चार वर्षं ते काम धाकट्या बहिणीचं होतं. हातभर दोरी, एक टोक त्याच्या डाव्या मनगटाला, दुसरं तिच्या उजव्या. "खड्डा, उजवीकडे घे, चढ आला," असं ती बोलत राहायची आणि तो तिच्या शब्दावर पाय टाकायचा. दादा इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होता. बेचाळीस किलोमीटरची त्याची पहिली शर्यत सात आठवड्यांवर आली होती.

आणि हिची उजवी टाच महिनाभर दुखत होती. सकाळी पाय जमिनीला टेकवला की टाचेमागची शीर कुणी चिमट्यात धरल्यासारखी व्हायची. ती कपडे शिवायच्या कारखान्यात होती, म्हणजे दिवसभर पुन्हा तोच पाय मशीनच्या पायडलवर. फिजिओबाईंनी शिरेला नुसतं बोट लावलं तरी ती कळवळली.

"तीन आठवडे धावणं बंद," बाई म्हणाल्या. "दुखणं अंगावर काढलंत आणि शीर तुटली, तर वर्ष जाईल."

"मग दादाला कोण नेणार?"

"दुसरं कुणीतरी शोधा."

दुसरं कुणी नव्हतंच असं नाही. त्यांच्या धावण्याच्या गटात एक पोस्टमन होता. दमाचा गडी, पण तोंडाचा पट्टा अखंड सुरू. त्याच्या हातात दादाचं मनगट द्यायचं या विचारानेच तिला कसंतरी व्हायचं. वहिनीने विचारलं तेव्हा "थोडी सूज आहे" म्हणून तिने वेळ मारून नेली.

त्या रविवारी तीस किलोमीटर धावायचे होते. निघण्याआधी तिने दोन गोळ्या घेतल्या. विसाव्या किलोमीटरपर्यंत पाय बधिर होता. नंतर कळ सुरू झाली. ती आवाज सरळ ठेवून बोलत राहिली. सव्विसाव्याला उतार लागला; उताराच्या टोकाला फुटपाथ संपून मोठा रस्ता होता. तिथे "थांब" म्हणायचं, हे तिला पाठ होतं. नेमकी तेव्हाच शीर अशी आवळली की तिचा श्वासच अडकला. शब्द बाहेर पडलाच नाही.

दादाचा पाय हवेत पडला. दोरीने तीही ओढली गेली. डिलिव्हरीची व्हॅन कर्कश ब्रेक मारून त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबली.

ड्रायव्हर उतरला, शिव्या देणार होता, दादाचे डोळे पाहून गप्प झाला. दोघांनी मिळून त्याला फुटपाथवर बसवलं. तळवे सोलले होते, गुडघ्यातून रक्त येत होतं.

"कुठला पाय?" व्हॅन गेल्यावर दादाने विचारलं. "उजवाच ना? तीन आठवडे ऐकतोय. उजवा पाय घाईघाईने उचलतेस."

"ऐकत होतास, तर बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस." तो तळव्यातली खडी चाचपून काढत होता. "मला थांबायचं नव्हतं."

ती भडकली, मग रडली. घरी वहिनीने जखमा धुतल्या. सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "एकाला दिसत नाही आणि दुसरीला कळत नाही. छान जोडी आहे."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच पोस्टमनला फोन केला. तीन आठवडे तो दादाबरोबर धावला आणि ती सायकलवरून मागे राहून त्याला शिकवत राहिली. "गमती नंतर सांगा. आधी पायरी सांगा." तो शिकला. दादा त्याच्या विनोदांवर हसायला लागला तेव्हा तिला बरं वाटलं आणि वाईटही. मग बाईंनी तिला थोडं थोडं धावायची परवानगी दिली. ठरलं असं, की पहिले सोळा किलोमीटर तिने न्यायचे, पुढचे सोळा पोस्टमनने, आणि शेवटचे दहा पुन्हा तिने. बाईंची अट एकच होती. दुखणं दहापैकी चारच्या वर गेलं की थांबायचं.

शर्यतीत चौदाव्या किलोमीटरला टाच बोलू लागली.

"दादा, तीन," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "चार."

त्याने वेग कमी केला. सोळाव्याला तिने दोरी पोस्टमनच्या मनगटात अडकवली आणि बसने बत्तिसाव्याच्या खुणेपाशी गेली. तिथे दीड तास बर्फाची पिशवी धरून बसली. उठून दहा पावलं धावून पाहिली. सहा. पुन्हा पाहिली. सहाच. गोळ्या खिशात होत्या. दहाच तर किलोमीटर होते, आणि चार वर्षं ती हेच दहा मनात धावली होती.

दोघं येताना दिसले. पोस्टमन घामाने निथळत होता, पण पाय पडत होते. दादाने तिच्या दिशेला मान वळवली.

"मी येत नाहीये," ती म्हणाली. "सहा आहे. पोस्टमन, जमेल ना?"

"ढकलतो कसेतरी," पोस्टमन म्हणाला.

दादाने नुसती मान हलवली. दोघं पुढे गेले. वळणापर्यंत ती त्यांच्या पाठी पाहत राहिली आणि मग तिने डोळ्यांवर हात दाबून धरले.

दादा चार तास सत्तेचाळीस मिनिटांनी पोचला. वहिनी आणि ती अंतिम रेषेजवळच्या दोरखंडाबाहेर उभ्या होत्या. तो आधी त्यांच्या आवाजाकडे आला, मग खाली बसला.

"शेवटचे तीन किलोमीटर हा गप्पच," तो धापा टाकत म्हणाला. "मला वाटलं, गेला की काय."

पोस्टमन गवतावर आडवा होता. त्याने नुसता हात वर केला.

दादाने चाचपत तिचा घोटा शोधला आणि हळूच टाचेवर हात ठेवला. सुजून गरम झाली होती, पण शीर शाबूत होती.

"रागावलास?" तिने विचारलं.

"बत्तिसाव्याला, हो. फार." तो थांबला. "चौतिसाव्यापर्यंत."