नायिकेचा आवाज फुटतो

"हालू नको गा उदेभान. नायिकेचा गळा कापला गेला तं नाटक पहिल्याच अंकात संपन."

इतवारी न्हावी उदेभानची त्या दिवशीची दुसरी दाढी करत होता. पहिली सकाळी झाली होती. पण दुपार कलू लागताच नायिकेच्या हनुवटीवर पुन्हा काळी छटा आली. उदेभान दिवाळीपासूनच कुणाशी फारसे बोलत नव्हता. 'मोठा नट आहे, आवाज जपून राहिला,' असे गाव कौतुकाने म्हणे. मोठ्या माणसाने तोंड बंद ठेवले की गाव नेहमीच चांगला अर्थ काढते.

खरी गोष्ट अशी होती की जपण्यासारखा आवाज उरलाच नव्हता.

कामठ्याकडच्या आमच्या गावात धान घरात आले की शंकरपट भरे. दिवसा बैल धावत, दिवे लागले की नाटक. घराघरांत पाहुणे. मी मंडळाचा प्रॉम्टर होतो, म्हणजे नटांना जे पाठ नसे ते मला पाठ असायला हवे होते. पाच वर्षे आमची नायिका उदेभानच होता, केवळरामचा धाकटा मुलगा. बाईने स्टेजवर उभे राहायचे म्हणजे गावाने खाली मान घालायची, असा तो सत्तावन्न सालचा हिशेब होता. म्हणून बाईचे काम पुरुष करी आणि गाव मान वर करून बघे.

नायिका मंडळाची असली तरी तिचा साज गावाचा असे. चांदीची सरी एका घरची, तोडे दुसऱ्या घरचे, बांगड्या तिसऱ्या घरच्या. त्या त्या घरची बाई पहिल्या रांगेत भाताच्या तणसावर बसून नाटकभर आपल्या वस्तूवर डोळा ठेवी. लुगडे नंदाबाई पाटलिणीचे, नागपूरहून आणलेले, रेशमी काठाचे. ते देताना तिची एकच अट होती, लुगडे मातीला लागता कामा नये. पुस्तकात पहिल्या अंकाच्या शेवटी 'नायिका धाडकन कोसळते' असे लिहिले होते. आमची नायिका खांबाला टेकून उभ्यानेच बेशुद्ध पडे. बाहेरगावचे लोक हसत. आमच्या लोकांना मात्र नंदाबाईचा स्वभाव ठाऊक होता.

उदेभान गायला शिकला तो चिखलात. त्याची वहिनी दुर्पता लग्न होऊन आली त्या वर्षी रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, बांधीतल्या चिखलात उतरली आणि गाऊ लागली. तेरा वर्षांचा उदेभान धुऱ्यावर बसून ऐके आणि मग तेच गाई. पेटीमास्तर केशोरावांनी ते ऐकले, त्या चालींवर नाटकाची पदे बसवली आणि त्याला लुगडे नेसवले. पुढच्या पावसाळ्यात रोवणाऱ्या बाया नाटकाची पदे गाऊ लागल्या. गाणी बांधीतून स्टेजवर गेली आणि स्टेजवरून पुन्हा बांधीत आली. मधल्या प्रवासात त्यांना केशोरावांचे नाव तेवढे लागले.

मग नागरा गावचे नाटकासाठी बोलावणे आले, मग सडक अर्जुनीचे. सडक अर्जुनीला गोंदियाचा शालीकराम भेटला. त्याचे लाउडस्पीकर भाड्याने जात आणि लग्नाकार्यांत, मेळ्यांत गाणारी त्याची पार्टी होती. नव्या तऱ्हेची, पेटी, बाजा आणि माइकवर गाणारी. त्याने उदेभानचे गाणे ऐकले आणि म्हणाला, "अगले साल तुम्हारे गाँव आता हूँ. आवाज ऐसी ही रही तो गोंदिया ले जाऊँगा. फिर गोंदिया से नागपूर कितना दूर है?"

आवाज तसा राहिला नाही. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी उदेभानने गायला तोंड उघडले आणि गोठ्यातला बैल दचकून उभा राहिला.

"वयनी, माह्या गळ्यात रेडा घुसला."

दुर्पता शेणाची पाटी खाली ठेवून म्हणाली, "गाऊन दाखवा."

त्याने गायले. तिने सगळे ऐकून घेतले. "वाईट नाही भाऊजी. दुसऱ्याचा वाटते, येवढंच."

"अठरा वर्षं थांबला होता. अजून दोन महिने थांबला असता तं काय बिघडलं असतं याचं? आता शालीकराम येईन. लुगडं दुसऱ्याले देतीन. मी काय करू, पडदा ओढू?"

"शालीकराम आला तं येऊ द्या. तुमी तोंड हालवा. मागच्या पडद्याआड दागिने राखाले कोनी तं लागते. मी बसीन. तिथूनच गाईन."

"अन् बाबा?"

"मामाजी नाटकात झोपते. तुमचं एकही नाटक त्यायनं जागेपनी पाह्यलं नाही."

एवढ्यात भोजराज गोठ्यात शिरला. भोजराज आमचा नायक. मंडळाचा पडदा त्याच्या वडिलांनी दिला होता, म्हणून गेली आठ वर्षे नायक तो. त्याचे पद सुरू झाले की लोक चहा प्यायला उठत. चहावाला त्याच्या पदाच्या अंदाजानेच आधण ठेवी. भोजराजला हे माहीत होते. तो वाईट माणूस नव्हता, फक्त बेसूर होता.

"बाहेरून आयकून राहिलो होतो," तो म्हणाला. "उदेभान, हा आवाज मले दे गा. तुले तसाही काही कामाचा नाही."

अशी ती व्यवस्था ठरली. नायिकेची पदे आणि संवाद दुर्पता पडद्याआडून म्हणणार, उदेभान ओठ हलवणार. नायकाची पदे नायिका, म्हणजे उदेभान, आपल्या नव्या आवाजात गाणार, लाजून पाठ फिरवून किंवा तोंडावर पदर ओढून. भोजराज ओठ हलवणार. थोडक्यात, आमच्या स्टेजवर जो गाताना दिसेल तो गात नसेल. हे मला नाटकाच्या दिवशी दुपारी सांगण्यात आले, कारण प्रॉम्टरपासून काही लपत नाही. केशोरावांना सांगितले नाही. त्यांना सांगितले असते तर त्यांनी तत्त्वाचा प्रश्न केला असता आणि त्यांची तत्त्वे संपायला फार वेळ लागे.

नाटक दिव्यांबरोबर सुरू झाले. बांधीत तणसावर माणसे, पुढे बाया, मध्ये खुर्ची टाकून शालीकराम, बाजूला कांबळे पांघरून केवळराम. मागच्या पडद्यावर राजवाडा आणि एक मोर होता. नाटक सामाजिक होते. राजवाडा असा होता की त्यात नायिकेचा गरीब बाप राहत होता. मोरामागे दुर्पता बसली.

नायिकेचे पहिले पद झाले आणि बाया डोळे पुसू लागल्या. उदेभानचे ओठ असे हलत होते की विंगेतून मलाच शंका आली. केशोरावांनी पेटी वाजवता वाजवता दोनदा मागे वळून मोराकडे पाहिले, पण मोराने काही कळू दिले नाही. शालीकरामने मान डोलावली. "वही है," तो शेजाऱ्याला म्हणाला. "बल्कि और पक गई है."

मग नायकाचे पद आले. नायिका लाजून पाठमोरी झाली आणि भोजराजच्या तोंडातून जे बाहेर पडले ते ऐकून चहाला उठलेली माणसे कप हातात घेऊन परत आली. चहावाला एकटाच रागावला. भोजराज इतका खूश झाला की पद अर्धे राहिले असतानाच त्याने तोंड मिटून प्रेक्षकांना नमस्कार केला. गाणे चालूच होते. ते कुणाच्या ध्यानात आले नाही, कारण सगळ्यांनी डोळे मिटले होते.

उरले होते दोघांचे पद. यात एक ओळ तिची, एक त्याची. ठरले असे होते की तिच्या ओळीला उदेभानने तोंड दाखवायचे आणि त्याच्या ओळीला पदर ओढायचा. सहा-सात ओळी बिनचूक गेल्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून नंदाबाई दबक्या आवाजात, म्हणजे चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल अशा, म्हणाली,

"पदर पाह्य ना बापा. माह्या लुगड्याचा काठ मातीत लोळून राहिला."

पाच वर्षांची सवय. उदेभानने सगळे विसरून पदर उचलला, झटकला आणि डोक्यावरून पुढे घेतला. पण ती ओळ दुर्पताची होती. झाकलेल्या तोंडातून गोड आवाज आला. आपले काहीतरी चुकले हे कळताच त्याने पदर मागे सारला आणि नेमकी नायकाची ओळ आली. चांदीची सरी, कपाळावर कुंकू, डोळ्यांत काजळ अशा आमच्या नायिकेने उघड्या तोंडाने, भरल्या पुरुषी आवाजात ती ओळ म्हटली.

पेटी थांबली. तबला आणखी दोन ठोके पुढे गेला आणि एकटाच पडल्यासारखा थांबला.

भोजराजचे तोंड अजून हलत होते. ते त्याने मिटले. मग त्याने फार शांतपणे प्रेक्षकांना सांगितले, "मी नाही गात बापा. हा गाते." आठ वर्षांत त्याचा चेहरा इतका मोकळा कधी दिसला नव्हता.

मागे कुणीतरी हसले. हसू तणसातल्या विस्तवासारखे पसरत पुढे आले. शालीकराम खुर्चीत सरसावून बसला होता, पण हसत नव्हता. मी विंगेतून उदेभानला खुणावले, आत ये. त्या वेळी तो आत आला असता तर पुन्हा कधी बाहेर आला नसता. तो आला नाही. त्याने पदर डोक्यावरून काढला, नीट घडी करून कमरेला खोचला, मातीला लागणार नाही असा, आणि केशोरावांना म्हणाला, "मास्तर, सूर द्या."

त्याच्या बोलण्याचा आवाज गावाने दिवाळीनंतर पहिल्यांदा ऐकला.

केशोरावांनी सूर दिला. उदेभानने नायकाची ओळ पुन्हा सुरुवातीपासून घेतली. हसू दुसऱ्या रांगेपर्यंत आले आणि तिथेच बसले. आवाज नवा होता, कोवळा होता, कडेने जरा फाटतही होता. पण चाल तीच, चिखलातून पाय उचलत जाणारी. ओळ संपली. आता तिची ओळ. पेटीने जागा दिली, तबल्याने जागा दिली. पडद्याआडून काहीच आले नाही. पेटी फिरून त्याच जागेवर आली. तरी काही नाही.

उदेभान वळला आणि मोराला म्हणाला, "वयनी, घ्या ना."

आता मात्र हसायला कुणी नव्हते. पाटलाच्या वाड्यापासून टपरीपर्यंत सगळ्यांना कळले की मोरामागे केवळरामची सून आहे आणि केवळराम इथेच बसला आहे. माना त्याच्याकडे वळल्या. केवळराम झोपला नव्हता. कांबळे खांद्यावर घसरले होते आणि डोळे पहिल्या पदापासून उघडे असावेत, असे त्याच्याकडे पाहून वाटले. त्याच्या बांधीत इतकी वर्षे गाणारा आवाज त्याला ओळखू येणार नाही, असे आम्ही कशावरून धरले होते कोण जाणे.

तो जागेवरून उठला नाही. "घे वो दुर्पता," तो म्हणाला. "पेटी कवाची वाजून राहिली."

ती गायली. पुढचे नाटक कसे झाले ते कुणाच्याही लक्षात नाही. नायिका खांबाला टेकून बेशुद्ध पडली, एवढे आठवते.

शेवटचा पडदा पडल्यावर शालीकराम आत आला. उदेभान आरशासमोर बसून हसत होता आणि हसता हसता काजळ पुसत होता. भोजराज त्याच्या पाठीवर थापा मारत होता. नंदाबाई गॅसबत्तीच्या उजेडात काठ तपासत होती, तो कोरा निघाला तशी तीही हसली आणि म्हणाली, "गाते मात्र चांगला. लुगड्याशिवाय गाईन तं अजून बरं."

"केवळरामजी," शालीकराम म्हणाला, "लड़का तो मेरा हो गया. पर वो पीछे वाली आवाज भी दे दो. दोनों को साथ बिठाऊँगा."

केवळरामने दुर्पताकडे पाहिले. ती दागिने मोजून ज्याचे त्याच्या फडक्यात बांधत होती. तिने मान वर केली नाही.

"पोट्ट्याले न्या," केवळराम म्हणाला. "सुनेले इथं काम आहे."

"भाऊजीले जाऊ द्या म्हनजे झालं," दुर्पता म्हणाली आणि पुढची गाठ मारली.

उदेभान गोंदियाला गेला. तिथे त्याने माइकवर गाणी म्हटली, पार्टीच्या नाटकांत मिशा लावून नायक केला. सुरुवातीला स्टेजवर पाऊल टाकताच त्याचा हात डोक्यावरचा पदर सावरायला जाई. शालीकरामने त्या हातात टोपी दिली. नवरदेवापुढे त्याचेच गाणे वाजावे म्हणून लोक लग्नाची तारीख पुढे-मागे करू लागले. इतवारी एवढेच म्हणे की गावातले एक पक्के गिऱ्हाईक गेले. आमच्या नाटकात भोजराजने स्वतः होऊन नायकाचे काम सोडले आणि पडदा मात्र परत मागितला नाही. याला मी आजही त्याची सर्वांत मोठी भूमिका समजतो.

साठ साली नागपूरच्या रेडिओवर उदेभानचे गाणे लागणार, असे कळले. भोजराजने कुणाकडून तरी बॅटरीचा रेडिओ बैलगाडीत घालून आणला आणि केवळरामच्या छपरीत ठेवला. संध्याकाळ होती. सगळे गाव आंगणात बसले. रेडिओतल्या बाईने उदेभानचे नाव घेतले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या नंदाबाईने पदर नीट केला.

त्याने तेच दोघांचे पद निवडले होते, पण एकट्याने गायचे म्हणून. आपली ओळ तो गाई आणि तिच्या ओळीच्या जागी नुसती पेटी वाजे.

दुर्पता छपरीच्या टोकाला सुपात तांदूळ निवडत बसली होती. दुसऱ्या वेळेला पेटी त्या जागेवर आली, तेव्हा सुपावरून मान न उचलता तिने ती ओळ हलकेच म्हटली. मग त्याची ओळ आली. मग पुन्हा तिची.

केवळराम उठला आणि त्याने रेडिओचा आवाज थोडा कमी केला.