उंट पडला तेव्हा

मुलगी बघायला गेलो आणि तिथेच झोपलो. हे सांगितलं की लोक हसतात, आणि हसून झालं की विषय बदलतात. त्यामुळे पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुढचं जास्त वाईट आहे.

ऑक्टोबर सत्याण्णव, रविवार, सकाळचे साडेदहा. जयनगरला शेषगिरीरावांचं घर. आई त्यासाठी नागपूरहून एक दिवस, एक रात्र गाडीत बसून आली होती. मी शुक्रवारी सकाळपासून ऑफिसात बसून आलो होतो. म्हणजे दोघंही बसूनच आलो होतो, पण आईला बर्थ होता.

आम्ही कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायचो. परदेशातल्या एका कंपनीला नाताळच्या आत मुलांसाठी एक सीडी हवी होती. तीत एक उंट आइस्क्रीम विकतो. वाळवंटात. सात महिने तो शहामृग होता. ऑगस्टात तिकडून फॅक्स आला, की शहामृग बघून साहेबांचा मुलगा रडला, तरी उंट करावा, तारीख तीच. 'तारीख तीच' हे त्यांच्या प्रत्येक फॅक्सच्या शेवटी असायचं, आपल्याकडे 'कळावे' असतं तसं. उंटाची चाल माझ्याकडे होती. तिसऱ्या लेव्हलला पोचला की उंट जमिनीतून आरपार खाली पडायचा आणि पडतच राहायचा. का, ते कुणाला कळत नव्हतं.

ऑफिसात एक पांढरा फळा होता. बिल्डिंगबाहेर जाणाऱ्याने कुठे जातोय ते आणि तिथला फोन नंबर त्यावर लिहायचा. नियम हर्षचा. हर्ष आमचा लीड. माणूस वाईट नव्हता. त्याला बायको आहे असं तो सांगायचा. मी निघताना लिहिलं, 'मल्हार, मुलगी बघायला', आणि शेषगिरीरावांचा नंबर. खाली कुणीतरी लिहिलं, 'लवकर बघ.'

शेषगिरीराव घड्याळाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपासून इकडचं, त्यामुळे मराठी आपलंच, पण चाल कानडी. त्यांनी पगार विचारला नाही, पत्रिका विचारली नाही.

"ड्यूटी किती ते किती?"

"नऊ ते सहा," आई म्हणाली.

"होय का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"होय," मी म्हणालो. "कधीकधी साडेसहा."

हे साडेसहा मी खरं वाटावं म्हणून घातलं. खोट्यात थोडा उशीर मिसळला की ते पटतं, हे मी हर्ष तिकडे जे फॅक्स पाठवायचा त्यांतून शिकलो होतो.

"सरी, बरं," शेषगिरीराव म्हणाले. "आमच्याकडे भोंगा झाला की हातातलं घड्याळ तसंच खाली. काटा लावायचा राहिला तर राहिला. जगात एक घड्याळ स्वल्प उशिरा सुरू झालं तर काय होतंय?"

मग आतून उप्पीट आणि केसरी हा इकडचा शिरा आला. ट्रे सुप्रीताच्या हातात होता. ती बँकेत होती, आणि तिच्या डाव्या भुवईवर एक बारीक व्रण होता. एवढं दिसेपर्यंत मी जागा होतो.

उठलो तेव्हा साडेतीन वाजले होते. अंगावर शाल. पायांत बूट नाहीत. मोजे काढून खुर्चीच्या हातावर घातले होते, भोकाची बाजू वर. टेबलावर पाण्याच्या तांब्याशेजारी माझा टूथब्रश. तो चार महिने माझ्या शर्टाच्या खिशात पेनाला लागून असायचा, इतका की मला आता तो दिसायचाच नाही. त्यांना दिसला होता. उप्पिटाची माझी बशी झाकून ठेवली होती. आणि सोफा, मी झोपलो तेव्हा खिडकीशी होता, तो आता फोनपाशी होता.

सुप्रीता स्टुलावर बसली होती. मांडीवर कॅलेंडरचं फाडलेलं पान, पाठकोरी बाजू वर, त्यावर तिने लिहिलेल्या ओळी.

"तुमच्या हर्षचा फोन होता, बाराला," ती म्हणाली. "मी तुम्हाला उठवणार होते, तर अण्णा म्हणाले, झोपलेल्याला उठवणं पाप. हर्ष म्हणाले, उठवू नका, फक्त विचारा."

"काय विचारा?"

"उंट का पडतो."

मी आईकडे बघितलं. आई शेषगिरीरावांच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होती.

"आणि तुम्ही सांगितलंत," सुप्रीता म्हणाली. "जमीन दोनच पाय मोजते, शहामृगाच्या वेळचं. उंटाचे मागचे दोन तिला माहीतच नाहीत. ते विचारायचे, मी तुमच्या कानात विचारायची, तुम्ही 'येस सर' म्हणून उत्तर द्यायचात. चाळीस मिनिटं. फोनची वायर पुरेना, तर अण्णांनी सोफा ओढला. तुमच्यासकट."

"जड नव्हता," शेषगिरीराव म्हणाले. त्यांना सोफा म्हणायचं होतं की मी, ते कळलं नाही.

"उंट उभा राहिला म्हणे. टाळ्या ऐकू आल्या," ती म्हणाली. "फोन ठेवल्यावर मी माझा एक प्रश्न विचारला. रोज घरी किती वाजता जाता?"

"काय म्हणालो?"

"दिवाळीत."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"लहानपणापासून झोपेत काहीही बोलतो हा," आई घाईने म्हणाली.

"उंटाचं बरोबर निघालं की," शेषगिरीराव म्हणाले.

सुप्रीताने कागदाची घडी घातली. "खोटं बोललात त्याचं मला एवढं नाही. बघायला येणारा प्रत्येक जण बोलतो. एक तर उंची खोटी सांगून गेला, उभा असताना. तुम्ही झोपेत बरे वाटलात. जागे कसे आहात ते बघायचंय. या आठवड्यात एक दिवस सातला या. कामाच्या दिवशी. नऊ ते सहा असेल तर जमेल."

"जमेल की," मी म्हणालो.

जाताना ऑटोत आई म्हणाली, "त्यांना वाटलं असेल, आईच खोटं बोलते."

"तू का बोललीस पण?"

"तू पत्रात तसंच लिहितोस."

मी ऑटोवाल्याच्या मानेकडे बघत राहिलो. खरंच लिहायचो. दर पंधरा दिवसांनी, ऑफिसातूनच: नऊ ते सहा, संध्याकाळी फिरायला जातो, हवा छान आहे. हवेचंही मी अंदाजाने लिहायचो.

सोमवारी आईला गाडीत बसवून दिलं आणि स्टेशनातून थेट ऑफिसात गेलो. सोमवार, मंगळवार, बुधवार उंटात गेले. गुरुवारी पावणेसहाला मी फळ्यासमोर उभा राहिलो. पुन्हा 'मुलगी' लिहिता येईना. हर्ष आधीच म्हणाला होता, "पाच तास बघितलीस ना? अजून काय राहिलंय?" म्हणून मी लिहिलं 'दाढ'. फोनच्या रकान्यात लिहिलं, 'दवाखान्यात फोन नाही.'

सातला दोन मिनिटं कमी असताना पोचलो. शेषगिरीराव फाटकात मनगटाकडे बघत उभे होते.

"भोंगा झाला म्हणायचा," ते म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. माझ्यासाठी कुणी इतका साधा आनंद बऱ्याच दिवसांत केला नव्हता.

तो पाऊण तास चांगला गेला. भुवईवरचा व्रण कॅरमच्या स्ट्रायकरचा होता आणि मारणारे अण्णा होते. तिने विचारलं, उंटाची चाल कशी करतात. मी हॉलमध्ये चालून दाखवली: एका बाजूचे दोन्ही पाय एकदम, मग दुसऱ्या बाजूचे. मला दोनच पाय असल्यामुळे मागचे दोन शेषगिरीराव झाले. माझी कंबर धरून ते टीपॉयला वळसा घालून आले. सुप्रीता इतकी हसली की तिला बसावं लागलं. मला वाटलं, जमतंय. संध्याकाळी लोक हेच करत असणार.

पावणेआठला फोन वाजला. सुप्रीताने उचलला, ऐकलं, आणि रिसिव्हरच्या तोंडावर हात ठेवला.

"हर्ष आहेत. माझ्यासाठीच फोन आहे," ती म्हणाली. "पाचव्या लेव्हलला पुन्हा पडतोय. रविवारचा कागद आहे का विचारतायत. तुम्ही सापडत नाही म्हणे. तुम्ही दाढ दाखवायला गेलायत."

तिने रिसिव्हर माझ्यापुढे धरला. ओढलाही नाही, ढकललाही नाही. शेषगिरीराव अजून थोडे वाकलेलेच होते.

मला एवढंच म्हणायचं होतं: हर्ष, मी सुप्रीताकडे आलोय, उद्या सकाळी बघू. सात शब्द. हर्षने काय केलं असतं? फार तर तिकडे एक उशिराचा फॅक्स.

मी रिसिव्हर घेतला, जीभ उजव्या गालात सारली आणि बधिर झालेल्या अर्ध्या तोंडाने म्हणालो, "हां हर्ष. दाढ काढली. परत येताना इथे उतरलो. तो कागद न्यायला."

हे मी त्यांच्या हॉलमध्ये, त्या तिघांसमोर, तोंड वाकडं करून म्हणालो. तिघांसमोर म्हणजे सुप्रीताची आईही उप्पीट घेऊन आली होती. हर्ष पलीकडून म्हणाला, "गुड, गुड. फार बोलू नकोस, टाका तुटेल."

फोन ठेवल्यावर मला तोंड सरळ करता येईना. म्हणजे करता आलं असतं. केलं नाही.

सुप्रीता आत गेली आणि कागद घेऊन आली. "हा कागद," ती म्हणाली. मग दुसरा हात पुढे केला. "हा रविवारी राहिला होता." टूथब्रश होता. धुऊन, कोरडा करून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी तो खिशात, पेनाला लावून ठेवला. पुन्हा कधी येणार, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

शेषगिरीरावांनी फाटक उघडलं. मला वाटलं, ते काहीतरी लागेल असं बोलतील. बोलले असते तर मी रागावू शकलो असतो.

"तुमचं तरी काय चुकतंय," ते म्हणाले. "तुमच्याकडे भोंगाच नाही."

ऑफिसात हर्षने कागद उजेडात धरला आणि पेन्सिलीने एकेक ओळ तपासत गेला. पहिल्या सहा ओळी उंटाच्या होत्या, इंग्रजीत, नीटनेटक्या. सातवी मराठीत होती: 'रोज घरी किती वाजता? दिवाळीत.'

"हे कुठल्या लेव्हलचं?" हर्षने विचारलं.

"ते उंटाचं नाही," मी अर्ध्या तोंडाने म्हणालो.

त्याने त्या ओळीवर पेन्सिलीने काट मारली. मग माझ्या गालाकडे बघितलं, आणि त्याला खरंच काळजी वाटली असावी.

"दुखतंय का रे?"

"स्वल्प," मी म्हणालो, आणि खुर्ची ओढली.