मांडीवर उघडे राहणारे पुस्तक

जून २००७. मंगळवार, सकाळचे साडेदहा. मंचरच्या बाजारपेठेत रिखबचंद यांच्या दुकानात फोन वाजला. त्यांचा मुलगा पारस याने तो उचलला. पलीकडचे बोलणे मला ऐकू आले नाही. पारसचे आले.

“बँजोचं? न्हाई वो ताई. आपल्याकडं शाळेची पुस्तकं असतात, निम्म्या किमतीची... तारेनं बांधलेलं? बरं, दिसलं तर ठेवतो बाजूला.”

गल्ल्यावर बसलेले रिखबचंद म्हणाले, “उद्या ढोलकीचं गाईड मागतील.” दोघे हसले आणि गिऱ्हाइकांकडे वळले. मी वरच्या फळीवर, नकाशांच्या पुस्तकांखाली दबलेले होते.

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. पाच तारांचा बँजो कसा वाजवावा, हे मी शिकवते. वरातीत कळा दाबून वाजवतात तो बेंजो निराळा. माझा बँजो म्हणजे कातडे ताणलेले गोल खोड आणि त्याला लांब दांडी. तो वाजवण्याच्या माझ्या रीतीला क्लॉहॅमर म्हणतात. पंजा आखडायचा, नखाच्या पाठीने तार खाली मारायची आणि लगेच अंगठ्याने आखूड पाचवी तार सोडायची.

माझा जन्म परदेशातल्या छापखान्यात झाला. माझ्या पाठीला शिवण नाही, तारेचे वेटोळे आहे. पानांवर पाच रेघा आणि रेघांवर आकडे आहेत. कोणती तार कुठे दाबायची हे आकडे सांगतात, पण चाल सांगत नाहीत. चाल सांगायला मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात एक कॅसेट होती. तिच्यात एक म्हातारा प्रत्येक धून आधी सावकाश वाजवी आणि मग नेहमीच्या लयीत.

खोडदला मी एका परदेशी पाहुण्याच्या बॅगेतून आले. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्यांवर तो कामाला होता. संध्याकाळी तो खोलीच्या पायरीवर बँजो घेऊन बसे. तबकड्यांना रंग देणारे संपतराव आणि त्यांची सातवीतली मुलगी तेजस्विनी ऐकायला थांबत. शेवटी तो नेहमी एकच धून वाजवी. माझ्या शेवटच्या छापील पानावर आहे ती. ती धून सुरू झाली की तेजस्विनी घरी जायचे नाव काढत नसे.

१९९९ च्या जानेवारीत पाहुणा परत निघाला. बँजो त्याने तेजस्विनीला दिला. पुस्तके तीन होती. त्यातले एक तू ठेव, दोन मी दुसऱ्या मित्राला कबूल केली आहेत, असे त्याने मोडक्या हिंदीत सांगितले.

संपतरावांनी सर्वांत जाड पुस्तक उचलले. “हे घे. लई गाणी हायत यात.”

तेजस्विनीने बँजो उचलला. ती जमिनीवर बसली, बँजो पोटाशी धरला आणि ते जाड पुस्तक समोर उघडून ठेवले. दोन्ही हात तारांवर नेले तसे पुस्तक आपोआप मिटले. दुसऱ्या पुस्तकाचीही तीच गत झाली. मग तिने मला मांडीवर ठेवले. मी उघडेच राहिले.

“आप्पा, हे पाहिजे. हे धरायला माणूस लागत न्हाई.”

पाहुणा हसला आणि त्याने खिशातली कॅसेट बोटाने दाखवली. अशी माझी निवड झाली. माझे कौतुक त्याआधी आणि त्यानंतर इतके कुणी केले नाही.

दोन वर्षे मी रोज उघडले जात होते. तेजस्विनी कॅसेट ऐके, थांबवी, वाजवी, पुन्हा ऐके. इंग्रजी तिला थोडे कळे, पण हाताची चित्रे पुरेशी होती. तिचा एक नियम होता. आधीची धून बसल्याशिवाय पुढची ऐकायची नाही. त्यामुळे शेवटची धून तिने कॅसेटवर एकदाही लावली नव्हती.

२००१ च्या उन्हाळ्यात कळंबला आत्याचे लग्न निघाले. तेजस्विनीच्या आजीचा, कुशाबाईंचा आवाज पंचक्रोशीत नावाजलेला होता. हळदीची गाणी भरून ठेवायची टूम तेजस्विनीचा धाकटा भाऊ पप्पू याने काढली. कोरी कॅसेट मिळेना, तेव्हा त्याने माझ्या खिशातली घेतली. तिच्या वरच्या कडेची प्लॅस्टिकची दोन टोके तोडून खाचा केलेल्या होत्या. हिच्यावर काही भरू नये, अशी ती खूण. पप्पूने खाचांवर चिकटपट्टी लावली आणि दोन्ही बाजू भरल्या.

चार दिवसांनी तेजस्विनीने कॅसेट लावली. म्हातारा वाजलाच नाही. कुशाबाई गाऊ लागल्या.

“नुसतं टंग टंग व्हतं त्यात,” पप्पू म्हणाला. “मला वाटलं, कुणी ऐकत नसंल.”

“मास्तर पुसलास रे तू माझा,” ती म्हणाली.

पुढचे काही आठवडे मी मिटलेले होते. मग तिने शेवटच्या धुनेचे आकडे एकटीने वाजवून पाहिले. सूर बरोबर येत होते, पण पायरीवरची ती धून येत नव्हती. एका दुपारी तिने तेच सोडून कुशाबाईंची कॅसेट लावली, माझ्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने पाच रेघा आखल्या आणि हळदीच्या गाण्याचे आकडे एकेक मांडू लागली. कुशाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“माझंच वाजिवती व्हय गं? मग जरा दम धरून वाजीव. हळद काय पळून चालली न्हाई.”

निम्मे पान भरले. त्या पावसाळ्यात कुशाबाई गेल्या. त्यानंतर त्या पानावर आकडा पडला नाही.

२००५ साली तेजस्विनी नर्सिंगसाठी पुण्याला गेली. बँजो सोबत नेला. पिशवीत आणखी जागा नव्हती, म्हणून मला दिवाळीत नेईन असे ती म्हणाली. दिवाळीआधी घर आवरले गेले. पप्पूच्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात मीही सुतळीने बांधले गेले आणि या फळीवर आले. मित्रांनो, गठ्ठा बांधण्यापूर्वी प्रत्येक पुस्तक एकदा उघडून पाहत जा. कुणाचे काम त्यात अर्धे राहिलेले असते.

आज दुपारी तीनच्या सुमारास एका गिऱ्हाइकाने नकाशाचे पुस्तक मागितले. ते काढताना मी खाली पडले.

“बाबा, हेच की ते,” पारस म्हणाला.

“नंबर घेतलास का बाईंचा?”

“न्हाई घेतला.”

रिखबचंदांनी मला चाळले आणि फोनशेजारी उघडे ठेवले. मागचे पान वर आहे. त्याच्या वरच्या भागात पेन्सिलीचे आकडे आहेत. खाली नुसत्या रेघा आहेत.

फोन कुणाचा होता, हे मला ठाऊक नाही. आता संध्याकाळचे सात वाजले आहेत. पारस दुकानाच्या फळ्या लावतो आहे. फोन पुन्हा वाजलेला नाही.