मशीन थांबवली जावी

मी एक जुनी पाटी आहे. जुनी म्हणा, पण गंजकी म्हणू नका, मला राग येतो. माझा पत्रा जाड आहे, रंग लाल आहे आणि अक्षरं अजून ठसठशीत आहेत. एका मोठ्या लाँड्रीत, इस्त्रीच्या रोलरच्या वर, भिंतीला चार खिळ्यांवर मी राहते. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, पाटीला कसलं आलंय आयुष्य! आधी ऐकून घ्या, मग बोला.

माझा जन्म एका रंगाऱ्याच्या दुकानात झाला. त्याने मला खसाखसा घासलं, लाल रंगाचे दोन हात दिले, उन्हात वाळवलं आणि मग पांढऱ्या रंगाने माझ्यावर तीन ओळी लिहिल्या. मजकूर लाँड्रीच्या मालकाने आणला होता, इंग्रजीतला. पहिली ओळ, मशीन मस्ट बी स्टॉप्ड. दुसरी, हँड्स मे बी इंजर्ड. तिसरी, केअर शुड बी टेकन. म्हणजे मशीन थांबवली गेलीच पाहिजे, हातांना इजा होऊ शकते, काळजी घेतली जावी. पहिलीत दरडावणी आहे, दुसरीत नुसती शक्यता आणि तिसरीत सल्ला. काय केलं जावं ते मी ठणकावून सांगते. ते कोणी करावं, या भानगडीत मी पडत नाही. उगाच कोणाशी वाकडं कशाला घ्या? मालक तर माझ्यावर बेहद्द खूश झाला. "वा! कसं भारदस्त वाटतंय," असं म्हणून त्याने मला स्वतःच्या गाडीतून आणलं.

लाँड्रीत दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. आमचा रोलर म्हणजे माणसाच्या कमरेएवढा जाड, तापलेला, सतत फिरणारा लोखंडी दंडगोल. एका बाजूने ओली चादर आत सरकवायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन बाहेर येते. आत सरकवायला एक मावशी होती. बाहेर धरायला तिची सख्खी भाची. पोरीची आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं, शाळेत घातलं आणि मालकाच्या हातापाया पडून इथे कामाला लावलं. मशीन थांबवायचं बटण पोरीच्या बाजूला होतं. मावशीचा हात तिथे पोहोचत नसे.

पोरीला इंग्रजी वाचता यायचं. पहिल्याच दिवशी तिने मला मोठ्याने वाचलं आणि मावशीला अर्थ सांगितला. मावशी म्हणाली, "बरं झालं बाई लिहून ठेवलं ते. आता रोलर वाचेल आणि आपला आपण थांबेल." सगळ्या बायका खो खो हसल्या. मला ते अजिबात आवडलं नाही. या मावशीला माझी किंमत नव्हती, आणि तेव्हापासून मीही तिच्यावर मनात राग धरून होते.

मालकाला मात्र माझं वळण चांगलं लागलं होतं. मावशीने हातमोजे मागितले, तर तो म्हणाला, "दिले जाऊ शकतात." पंखा बंद पडला, तर म्हणाला, "पाहिलं जाईल." बायका आशेवर राहिल्या. कोणी द्यायचे आणि कोणी पाहायचं हे त्याने कधी सांगितलं नाही, आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. तापलेला रोलर थांबला की खालची चादर करपते. म्हणून तो कोणी थांबवत नसे. चादर दुमडली की मावशी चालत्या रोलरच्या तोंडाशीच बोटं घालून ती सारखी करायची. एकदा तिची बोटं फारच जवळ गेली, आणि पोरीने घाबरून बटण दाबलं. मावशीला काही झालं नाही. चादरीवर मात्र तपकिरी पट्टा उमटला.

सुपरवायझर तणतणत आला. "कोणाला विचारून बंद केलीस?"

"पाटीवर लिहिलंय ना, सर."

"पाटी तपासणीला येणाऱ्यांसाठी आहे. तुझ्यासाठी मी आहे. यापुढे मला विचारल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. कळलं?"

शिक्षा म्हणून त्याने तिला दवाखान्याच्या मळक्या चादरी निवडायला बसवलं. रक्त, पू, उलटी, काय काय असतं त्यात. पोरगी घरी जाऊन जेवत नसे, असं मावशी बायकांना सांगायची. आठवड्याने ती बटणापाशी परत आली.

आणि मग ती सकाळ आली. चादर दुमडली, मावशीने बोटं घातली, आणि ओल्या चादरीबरोबर तिचा उजवा हात आत गेला. काय ओरडली हो ती! "थांबव गं! थांबव!" पोरीचा हात बटणावर गेला, पण तिने दाबलं नाही. तिने मान वळवून सुपरवायझरकडे पाहिलं. तो दारात कोणाशी तरी बोलत होता. "सर, थांबवू का?" असं तिने विचारलं. खरंच विचारलं, मी कानांनी ऐकलं. त्याला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी तो धावत आला आणि त्याने बटण दाबलं. तोवर मावशीचा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला होता, आणि चादर वाया गेली ती गेलीच.

दवाखान्यात तो हात कापावा लागला. मित्रांनो, इथे मला वाईट वाटलं असं म्हणायची पद्धत आहे. मला काही वाटलं नाही. उलट त्या दिवसापासून माझे दिवस पालटले. मालकाने स्वतः फडकं घेऊन मला पुसलं. इतकी वर्षं माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, वाफेने माझी कड फुगली होती, आणि आता माझे फोटो निघाले!

चौकशीला एक सरकारी साहेब आले. मावशीलाही बोलावलं होतं. थोटा हात पदराखाली झाकून ती उभी होती. मालकाने माझ्याकडे बोट दाखवलं. "सूचना लावलेली आहे, साहेब. वाचता आली असती. अपघात टाळता आला असता." साहेबांनी मान डोलावली.

मावशी म्हणाली, "साहेब, मला वाचता येत नाही, आणि बटण माझ्यापासून लांब. पोरीला बटणाला हात लावायची बंदी केली होती या सुपरवायझरांनी. तिलाच विचारा की. माझी पोर आहे ती, खोटं नाही बोलायची."

सगळं आता पोरीच्या एका वाक्यावर होतं. बंदी होती असं ती म्हणाली असती, तर दोष लाँड्रीवर आला असता आणि मावशीला जन्मभराची भरपाई मिळाली असती. नाही म्हणाली, तर मावशीच्या हाती धुपाटणंही येणार नव्हतं. पण त्याच सकाळी मालकाने पोरीला माझ्याच खाली गाठलं होतं. "नीट बोललीस तर ऑफिसात बसायचं काम दिलं जाऊ शकतं. नाहीतर मळक्या चादरी आहेतच."

साहेबांनी विचारलं, "काय गं, तुला कोणी मनाई केली होती?"

पोरीने सुपरवायझरच्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मशीन थांबवली जायला हवी होती."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

"अगं पण कोणी?" मावशी म्हणाली. "सांग की त्यांना. कोणी थांबवायची होती?"

पोरीने मान वर केली. मावशीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "काळजी घेतली जायला हवी होती, मावशी."

 मावशी उरलेल्या हाताने पदर सारखा करायला लागली. तो पुन्हा पुन्हा घसरत होता. पोरगी मदतीला पुढे झाली, तेव्हा मावशी म्हणाली, "राहू दे. होईल सवय." आणि गेली.

बसायचं काम पोरीला मिळालं नाही. तिने विचारलं, तेव्हा मालक "पाहिलं जाईल" म्हणाला. सध्या ती मावशीच्या जागी उभी राहून चादरी आत सरकवते. बटणापाशी एक नवी मुलगी आली आहे. विचारल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, असं तिला पहिल्याच दिवशी बजावलं आहे.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. आम्हा पाट्यांना जपत जा. आमच्यावर पाणी उडवू नका, आमचे खिळे ढिले होऊ देऊ नका, अधूनमधून ओल्या फडक्याने पुसा. काल रोलरमध्ये चादर पुन्हा दुमडली होती. पोरीने बोटं आत घातली आणि मान वळवून नव्या मुलीकडे पाहिलं. नवी मुलगी सुपरवायझरकडे पाहत होती.